ॲक्सेसमधली लांब टिपणं एक्सेलमध्ये नेली की अर्ध्यावर तुटतात. पूर्ण मजकूर कसा काढायचा?

ग्रंथसखी
नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात काम करते. आमची पुस्तकनोंद २००६ सालापासून ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या माहिती साठवायच्या प्रोग्रॅममध्ये आहे, अजूनही ॲक्सेस २००३ वरच. आता सगळं कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर न्यायचं ठरलंय, म्हणून मी पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये काढून मदत करणाऱ्या दादांकडे पाठवली. काल शाळेच्या एका बाईंनी मुलांसाठी पुस्तकं निवडायला तीच यादी छापून मागितली, आणि कागद हातात घेतल्यावर त्यांनीच विचारलं, "ही वाक्यं अशी मध्येच का थांबतात?"

आमच्याकडे 'टिपण' नावाचं फील्ड आहे. आमचे आधीचे ग्रंथपाल, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, पुस्तक स्वतः वाचून मगच टिपण लिहीत. कथानक, भाषा कशी आहे, कुणाला द्यावं, कुणाला देऊ नये, सगळं. अशी ३,२१२ टिपणं आहेत. अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. छापलेल्या यादीत एका टिपणाचा शेवट असा आलाय:

"...भाषा माणदेशी, पण अवघड शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत. चारा छावणीचं प्रकरण वर्गात मोठ्यानं वाचावं. आठवी-नववीच्या मुलांना जरूर द्"

'द्' वर संपतंय. ॲक्सेसचं टेबल उघडून पाहिलं तर तिथे मजकूर पूर्ण दिसतो. फील्डचा प्रकार मेमो, म्हणजे लांब मजकुराचा, आहे. मग एक्सेलमध्ये जाताना काय होतं? अण्णांचं लिखाण आहे हो, एक ओळसुद्धा गमवायची नाही.

खटपट्या
ताई, आधी एक दिलासा. टेबलात पूर्ण आहे म्हणजे मजकूर गेलेला नाही, फक्त बाहेर येताना कापला जातोय. आता कशालाही हात लावण्याआधी ती एमडीबी, म्हणजे ॲक्सेसची, फाईल पेनड्राइव्हवर कॉपी करून बाजूला ठेवा, आणि यापुढची सगळी कामं दुसऱ्या प्रतीवर करा.

मग तीन गोष्टी सांगा. तुम्ही थेट टेबल एक्स्पोर्ट केलं की एखादी क्वेरी, म्हणजे टेबलांतून हवं तेवढंच काढून दाखवणारी यादी? क्वेरी असेल तर तिच्यात काय काय आहे? आणि एक्स्पोर्टच्या खिडकीत 'सेव्ह फॉरमॅटेड' वर टिकमार्क होती का?

ग्रंथसखी
क्वेरी. 'पुस्तकयादी' नावाची. एकेका पुस्तकाच्या दोन-तीन प्रती असतात आणि त्या वेगळ्या टेबलात आहेत, म्हणून प्रतींची मोजणी यावी यासाठी कुणीतरी सिग्माचं बटण दाबून 'टोटल्स' लावलंय. टिपणाच्या खाली 'ग्रुप बाय' लिहिलेलं दिसतं. टिकमार्कही होती, रकान्यांची रुंदी नीट येते म्हणून मीच करते.

खटपट्या
सापडलं. आणि एक नाही, दोन कात्र्या आहेत.

पहिली 'ग्रुप बाय'. गट करायचे म्हणजे ॲक्सेसला प्रत्येक टिपण दुसऱ्या टिपणाशी ताडून बघावं लागतं. मेमो फील्ड फार लांब असू शकतं, म्हणून ते पहिली २५५ कॅरेक्टरच ताडतं आणि पुढे तेवढीच देतं. 'डिस्टिंक्ट' लावलं तरी हेच होतं, कारण एकसारख्या ओळी गाळायच्या तर ताडणं आलंच. दोन याद्या 'युनियन'नं जोडल्या तरी तेच. तिथे 'युनियन ऑल' लिहिलं की ताडणं टळतं आणि मजकूर पूर्ण राहतो. टेबलाच्या डिझाइनमध्ये टिपण फील्डच्या 'फॉरमॅट' या गुणधर्मात ॲट द रेट किंवा मोठं-छोटं अक्षर करण्याची खूण असेल तर तीही पुसून टाका, तिच्यानंही २५५ वर काट बसते.

दुसरी कात्री 'सेव्ह फॉरमॅटेड'. २०००-२००३ च्या काळातल्या ॲक्सेसमध्ये ती टिकमार्क केली की फाईल एक्सेल ५/९५ च्या जुन्या साच्यात लिहिली जाते, आणि त्या साच्यात एका घरात २५५ च्या वर मजकूर मावत नाही. म्हणजे क्वेरी दुरुस्त केलीत तरी ही टिकमार्क पुन्हा कापणार.

तर असं करा. 'टोटल्स'च्या क्वेरीत टिपण ठेवूच नका. फक्त पुस्तकाचा क्रमांक आणि प्रतींची मोजणी ठेवा. मग दुसरी साधी क्वेरी करून ही मोजणी मूळ पुस्तकांच्या टेबलाशी क्रमांकावर जोडा आणि टिपण थेट टेबलातून घ्या. घाईत असाल तर टिपणाखालचं 'ग्रुप बाय' बदलून 'फर्स्ट' करा, तेही चालतं, पण मला दोन क्वेऱ्यांची वाट जास्त भरवशाची वाटते. एक्स्पोर्ट करताना टिकमार्क काढा आणि फाईलचा प्रकार 'एक्सेल ९७-२००३' निवडा. त्याच यादीत 'एक्सेल ५-७' पण असतं, ते नको.

मीरा_ठाणे
खटपट्या यांच्याशी सहमत. एक भर: नव्या ॲक्सेसमध्येही 'फॉरमॅटिंग आणि लेआउटसह' अशी टिकमार्क आहे, आणि तिचा परिणाम मी वेगवेगळ्या मशीनवर वेगवेगळा पाहिलाय. म्हणून टिकमार्कवर भरवसा न ठेवता मोजणीवर ठेवावा. ॲक्सेसमध्ये 'लेन' फंक्शननं प्रत्येक टिपणाची लांबी काढा, तिची बेरीज करा, सगळ्यात मोठी लांबी काढा, आणि लांबी बरोब्बर २५५ असलेल्या नोंदी किती ते पाहा. एक्सेलमध्ये तेच 'लेन' वापरून तेच तीन आकडे काढा. ३,२१२ टिपणं डोळ्यांनी तपासणं शक्य नाही, पण तीन आकडे ताडायला पाच मिनिटं लागतात. शेकड्यानं नोंदी नेमक्या २५५ वर संपत असतील तर कात्री चाललीच समजा, माणूस असं मोजून लिहीत नाही.

ग्रंथसखी
मोजलं. ॲक्सेसच्या टेबलात एकूण १८,६४,३१०, सगळ्यात लांब टिपण ४,१८० चं. मी पाठवलेल्या एक्सेलमध्ये एकूण ६,९६,४१८, सगळ्यात लांब २५५, आणि नेमक्या २५५ च्या नोंदी २,०४६.

दोन हजार सेहेचाळीस टिपणं अर्धवट पाठवली मी, आणि फाईल उघडताना एकदाही कसली सूचना आली नाही.

एक समजलं नाही. 'द्' वर संपलेलं ते टिपण मी हातानं अक्षरं मोजून पाहिलं. १३० च्या आसपासच भरतात. मग ते २५५ कसं?

जोडाक्षर
हा प्रश्न माझ्या आवडीचा, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण अक्षर मोजतो, संगणक युनिकोडचे सुटे भाग मोजतो. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर. संगणकाला स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी असे सहा भाग. 'पुस्तक' तीन अक्षरांचं, भाग सहा. 'ज्ञानेश्वरी' चार अक्षरांची, भाग अकरा. ॲक्सेस २००० पासून मजकूर युनिकोडमध्येच ठेवतं आणि ही २५५ ची मर्यादा त्या सुट्या भागांची आहे. मधल्या मोकळ्या जागा आणि विरामचिन्हंही त्यातच. मराठीत हिशेब साधारण चाळीस शब्दांचा पडतो.

आणि काट कुठे बसेल याला अक्षराचं भान नाही. 'द्यावं' मध्ये द, हलन्त, य, काना, व, अनुस्वार असे सहा भाग आहेत. २५५ वा भाग नेमका हलन्त होता, म्हणून तुमच्या कागदावर 'द्' उरला. हाच भाग जरा अलीकडे संपला असता तर 'द' उरला असता, आणि काही ठिकाणी तर मात्रा गळून वेगळाच अर्थ लागणारा पूर्ण शब्द उरतो. 'मुलांना देऊ नये' चं 'मुलांना दे' झालं तर वाचणाऱ्याला कळणारही नाही की काही तुटलंय. अण्णांसारखा माणूस 'देऊ नये' शेवटीच लिहिणार, म्हणून हे जास्त लागतं.

रोकठोक
एक सरळ प्रश्न. कॅटलॉगमध्ये चार हजार कॅरेक्टरची टिपणं हवीत कशाला? वाचक नाव आणि लेखक शोधतो. दोन ओळी पुरे आहेत, बाकीचं एका वर्ड फाईलमध्ये ठेवून द्या. एवढा खटाटोप वाचेल.

ग्रंथसखी
रोकठोकदादा, तुम्ही म्हणता तसे वाचक आहेतच. पण आमच्याकडे मुलं येऊन "दुष्काळावरचं काहीतरी द्या", "आजीवरचं द्या" असं विचारतात. अण्णा होते तेव्हा ते मान वर न करता रॅक सांगायचे. आता ते काम शोध करणार. 'छावणी' हा शब्द टिपणाच्या दुसऱ्या परिच्छेदात असेल आणि तो परिच्छेदच कापला गेला, तर शोधणाऱ्या मुलीला ते पुस्तक आमच्याकडे नाहीच असं वाटेल. वर्ड फाईल कोण उघडणार?

वैद्यकी_नोंदी
ग्रंथसखीताई, तुमचा मजकूर टेबलात शाबूत आहे हे खरंच नशीब. माझा अनुभव लिहितो, कुणाला उपयोगी पडेल.

आमच्या दवाखान्यात रुग्णांचा जुना वृत्तांत मेमोमध्ये होता. कुणीतरी फॉर्म असा केला की वर कॉम्बो बॉक्समधून, म्हणजे खाली उघडणाऱ्या यादीतून, रुग्ण निवडायचा आणि त्याच कॉम्बोच्या स्तंभातून जुना वृत्तांत खालच्या चौकटीत यायचा, त्यात नवीन ओळ घालून सेव्ह. कॉम्बो बॉक्सची यादी मेमोची पहिली २५५ कॅरेक्टरच धरते. म्हणजे आधी कापलेला मजकूर चौकटीत आला, त्यावर नवीन ओळ बसली, आणि तोच टेबलात परत लिहिला गेला. इथे बाहेर काढताना नाही, आतच नुकसान झालं. एका आजींना कुठल्या औषधानं अंगावर पित्त उठतं हे वृत्तांताच्या शेवटी लिहिलेलं होतं, ते गेलं. आजींनाच आठवत होतं म्हणून निभावलं. पुढे महिनाभर जुन्या बॅकअपमधून एकेक वृत्तांत परत भरला.

तेव्हा एक्स्पोर्टच्या जोडीला फॉर्मही तपासा. लांब मजकूर दाखवणारी चौकट थेट टेबलाच्या फील्डलाच जोडलेली हवी.

ग्रंथसखी
बाप रे. आमचा फॉर्म पाहिला, चौकट थेट फील्डला जोडलेली आहे. लिहिलंत ते फार बरं केलंत.

दोन क्वेऱ्या केल्या, टिकमार्क काढली, ९७-२००३ निवडलं. आता एक्सेलमध्ये सगळ्यात लांब टिपण ४,१८० चं येतंय! पण छापून पाहिलं तर मोठी टिपणं अजूनही मध्येच थांबतात, हजारेक कॅरेक्टरनंतर. जीव पुन्हा वर आला.

खटपट्या
घाबरू नका, ते फक्त दिसण्याचं आहे. एक्सेल २००३ च्या एका घरात ३२,७६७ कॅरेक्टर राहतात, पण घरात दिसतात आणि छापली जातात ती १,०२४. त्या घरावर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बघा, सगळं असेल. बाईंना द्यायची यादी ॲक्सेसच्या रिपोर्टवरून छापा, आणि मजकुराच्या चौकटीचं 'कॅन ग्रो' हो करा.

मीरा_ठाणे
बेरीज जुळली का?

ग्रंथसखी
आता दोन्हीकडे १८,६४,३१०. तीनदा केली.

कोहावाले दादा म्हणतात एक्सेलऐवजी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाईल, द्या. ती काढून पाहिली तर सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं आली.

जोडाक्षर
ते कोड पेजमुळे, म्हणजे फाईल कुठल्या अक्षरांच्या तक्त्यानं लिहायची त्या निवडीमुळे. टेक्स्ट एक्स्पोर्टच्या विझार्डमध्ये खाली डावीकडे 'ॲडव्हान्स्ड' बटण आहे. तिथे पश्चिम युरोपीय असं निवडलेलं असतं, आणि त्या तक्त्यात देवनागरी नाहीच. ते बदलून 'युनिकोड यूटीएफ-८' करा. तिथेच 'सेव्ह ॲज' करून हे स्पेसिफिकेशन नाव देऊन ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी विसरायला होणार नाही. कुणी व्हीबीएमधून, म्हणजे ॲक्सेसच्या आतल्या प्रोग्रॅमिंगमधून, फाईल लिहीत असेल तर 'ओपन' आणि 'प्रिंट'नं लिहू नका, तिथेही अशीच प्रश्नचिन्हं येतात. एडीओडीबी स्ट्रीम घेऊन त्याचा कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ करा.

'फिक्स्ड विड्थ' मात्र अजिबात निवडू नका. त्यात प्रत्येक रकान्याची रुंदी आधीच ठरते आणि जास्तीचा मजकूर कापला जातो.

दुसरं, अण्णांच्या टिपणात एंटर असणार. सीएसव्हीमध्ये ते अवतरणचिन्हांच्या आत राहतं, समंजस प्रोग्रॅम ते ओळखतात, पण साधे प्रोग्रॅम तिथे नोंद संपली असं धरतात. म्हणून प्रतीवरच्या टेबलात अपडेट क्वेरी चालवून एंटरच्या जागी दोन उभ्या रेघांसारखी खूण घाला, कोहात गेल्यावर तिचे परत परिच्छेद करता येतील. हे क्वेरीच्या सूत्राच्या स्तंभात करू नका. सूत्रातून आलेल्या स्तंभाचा प्रकार ॲक्सेस स्वतः ठरवतं, आणि तिथे पुन्हा २५५ चा धोका येतो. टेबलातल्या मेमोतच बदल केला तर तो मेमोच राहतो. नवीन बेरीजही त्या बदललेल्या प्रतीवर काढा.

लिनक्सवाला_नाशिक
ज्यांच्याकडे ॲक्सेसच उरलेलं नाही त्यांच्यासाठी: लिनक्सवर एमडीबी-टूल्स आहेत. त्यातला एमडीबी-एक्स्पोर्ट थेट टेबल वाचून सीएसव्ही देतो, क्वेरीच्या भानगडीत पडतच नाही. देवनागरी यूटीएफ-८ मध्ये नीट येते. मोजणी इथेही करायचीच.

मांडणीकार
मी ग्रंथालयांचं स्थलांतर करतो, म्हणून पुढच्या दोन खड्ड्यांची कल्पना देतो.

दादा एक्सेलवरूनच मार्क नोंदी, म्हणजे ग्रंथालयांच्या ठरलेल्या साच्यातल्या पुस्तकनोंदी, बनवणार असतील, तर मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरमधून एक्सेल वाचणारा कुठलाही प्रोग्रॅम आधी वरच्या आठ ओळी बघून रकान्याचा प्रकार ठरवतो. त्या आठही टिपणं छोटी निघाली तर पूर्ण रकाना २५५ चा धरला जातो आणि खालची सगळी कापली जातात. उपाय साधा आहे. टिपणाच्या लांबीनुसार उतरत्या क्रमानं लावून मगच एक्सेल द्या, म्हणजे सगळ्यात लांब टिपणं आपोआप वर येतात.

दुसरा खड्डा मार्कचा. टिपण मार्क २१ च्या ५२० क्रमांकाच्या फील्डमध्ये जाईल. मार्क फाईलचा जो जुना साचा आहे, आयएसओ २७०९, त्यात फील्डची लांबी चार आकड्यांत लिहितात. म्हणजे एका फील्डला जास्तीत जास्त ९,९९९ बाइट, आणि नोंदीची लांबी पाच आकडी, म्हणून पूर्ण नोंदीला ९९,९९९. इंग्रजीत एक अक्षर एक बाइटचं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक भाग तीन बाइटचा. त्यामुळे तुमचं ४,१८० चं टिपण मोकळ्या जागा वजा जाता अकरा हजार बाइटच्या आसपास जाईल, आणि तिथे अडेल. साधारण ३,३०० च्या वरची टिपणं वेगळी काढा.

वाटा दोन. ५२० हे फील्ड एका नोंदीत अनेकदा घेता येतं, म्हणून लांब टिपण परिच्छेदावर तोडून दोन ५२० करा. किंवा मार्कएक्सएमएल वापरा, त्यात लांबी आकड्यांत लिहायचीच नसते, म्हणून ही मर्यादाच नाही. कोहा आत मार्कएक्सएमएलच साठवतं आणि आयात करताना तो पर्याय निवडता येतो. मी दुसरी वाट घेईन. अण्णांचं टिपण एकसंध राहू द्या.

रोकठोक
ताई, छावणीचं उदाहरण वाचलं. माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. तीन हजारांच्या वर किती आहेत? संख्या कमी असेल तर हातानं तपासायला मी बसतो, संध्याकाळी वेळ असतो.

ग्रंथसखी
रोकठोकदादा, ३,३०० च्या वरची सहाच आहेत. मार्कएक्सएमएलनं पाठवली आणि सहाही पूर्ण आली, मी आणि दादांनी फोनवर शेवटची ओळ न् ओळ ताडली.

पण एक वेगळंच सापडलंय. मीराताईंनी सांगितलं तसं मूळ टेबलातच २५५ च्या आसपास संपणाऱ्या नोंदी चाळत होते. सुरुवातीच्या वर्षातल्या ३७ नोंदींच्या शेवटी अण्णांनी "पुढे वही पा. ४३", "पुढे वही पा. ५१" असं लिहिलंय. मला त्याचा अर्थ लागत नाहीये.

खटपट्या
म्हणजे पहिल्या वर्षी ते फील्ड मेमो नसून साधं टेक्स्ट असणार. त्यात २५५ च्या पुढे टाइपच होत नाही. अण्णांना लिहिताना जागा संपली आणि त्यांनी पुढचं वहीत लिहिलं. नंतर कुणीतरी फील्ड मेमो केलं, पण या ३७ चा पुढचा मजकूर संगणकात कधी आलाच नाही. वही आहे का?

ग्रंथसखी
आहे. अण्णांच्या टेबलाच्या खणात, जुन्या वर्गणीच्या पावत्यांखाली. निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी, पानांवर त्यांनी स्वतः आकडे घातलेत. पान ४३ वर वर पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहिलाय आणि टिपण अर्ध्या वाक्यापासूनच सुरू होतं, जिथे संगणकात थांबलं तिथून.

पानांचे फोटो काढतेय. अक्षर बारीक आहे पण सुवाच्य आहे. रोकठोकदादा, संध्याकाळचा वेळ आहे म्हणालात, पान ४३ ते ६० तुम्हाला पाठवू का?

रोकठोक
पाठवा. आज रात्रीपासून बसतो. दाखल क्रमांक प्रत्येक पानाबरोबर दिसेल असा फोटो घ्या.